हाताला लागणारं घर

४ फेब्रुवारी

प्रिय ढबू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर एवढं वाचून मग फाड. मी जिवंत आहे, घरात कुणी गेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून पैसे नको आहेत. अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाला या तीनच शंका येतात, म्हणून आधीच निकालात काढल्या. बहात्तर वर्षांच्या बाईला ढबू म्हणू नये हे मला कळतं. पण दुसऱ्या नावाने लिहायला बसले तर पेन पुढे जाईना.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काम आहे.

मागच्या महिन्यात मी न्हाणीघरात जरा खाली बसले. आमचे चिरंजीव त्याला ‘पडली’ म्हणतात, मी ‘बसले’ म्हणते. उंबऱ्यापाशी पाय अडकला, खाली टेकले, थोड्या वेळाने उठले. एवढ्यावरून त्याने त्याच्या घरातली एक खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. नववा मजला, पांढऱ्या भिंती, एक पलंग, बाकी काही नाही. खिडकीतून म्हणे अर्धं शहर दिसतं. मला अर्धं शहर बघायचं नाही, मला माझा ओटा बघायचा आहे. हे गेल्यापासून चार वर्षं मी एकटी राहतेय आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही. त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं, त्यामुळे आई एका मजल्यावर का थांबते हे त्याला समजत नाही.

सूनबाई फार चांगली आहे. म्हणूनच मला तिच्या घरी जाऊन राहायचं नाही.

तर आमचा तह झाला. इथल्या मोठ्या रुग्णालयाचं एक पथक आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी येऊन ते बघतात, की हा माणूस या घरात राहू शकेल का आणि त्यासाठी घरात काय करावं लागेल. त्यांनी हो म्हटलं तर मी इथेच राहायचं आणि चिरंजीवांनी तोंड मिटायचं. नाही म्हटलं तर महिनाअखेर मी नवव्या मजल्यावर. दोघांनीही शब्द दिला, कारण दोघांनाही वाटतंय की ते आपल्याच बाजूने बोलणार.

आधी एक फॉर्म आला, सात पानी. पाचव्या पानावर दोन नावं मागितली होती. एक, जवळ राहणारा आणि किल्ली सांभाळणारा माणूस. ते खालचे कुलूपवाले, माझ्या घराखालीच त्यांचं दुकान आहे. दुसरं, ‘रोज सकाळी फोनवर खुशाली विचारणारी व्यक्ती, मुलगा-सून सोडून’. तिथे मी तुझं नाव लिहिलं. नंबर तुझ्या मुलाकडून घेतला. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

तू खरोखर फोन करावास असं नाही. फक्त त्यांच्याकडून कुणी विचारलं तर ‘ही बाई कोण’ असं म्हणू नकोस.

जुना विषय मी काढणार नाही. आई तिच्या जिन्यावरून पडली, मी तिला माझ्याकडे आणलं, तिच्या दोन खोल्या सोडून दिल्या, तीन महिन्यांनी ती गेली, तू रागावलीस. एवढंच आहे ते. त्यात नव्याने सांगण्यासारखं काही नाही.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ढबू,

तुझं उत्तर आलं नाही. नकारही आला नाही, तेव्हा मी तो होकार धरून चालले आहे. नोकरीत, भांडारात असताना कुठल्याही अर्जाला साहेबांचं उत्तर आलं नाही की आम्ही असंच करायचो.

मागच्या पत्रात मी थोडी काटछाट केली होती. मी न्हाणीघरात ‘थोड्या वेळाने’ उठले नव्हते. दोन तास तशीच होते. फोन बाहेर टेबलावर, टॉवेल दारावर, आणि मी फरशीवर. हाका मारून घसा बसला तेव्हा कपडे धुवायचं धोपटणं हाताला लागलं, त्याने नळाचा पाइप बडवला. तो पाइप खाली दुकानातून जातो. कुलूपवाले वर आले, पण मी बाहेरच्या दाराला आतून कुलूप आणि कडी दोन्ही घातलेलं. बिचाऱ्यांना स्वतःच्या हाताने बसवलेलं कुलूप स्वतःच फोडावं लागलं. न्हाणीघरापाशी आल्यावर आत न डोकावता, पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, “काकू, आधी पांघरूण कुठे आहे ते सांगा, मग बाकीचं.” असा सभ्य माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी हे चिरंजीवांना वीस मिनिटं म्हणून सांगितलंय. तू फोडू नकोस.

कुलूपवाल्यांनी नवं कुलूप बसवलं, बाहेरून किल्लीने उघडणारं. आतली कडी काढून घेऊन गेले. मी म्हटलं, कडीशिवाय मला झोप यायची नाही. ते म्हणाले, कडीसकट तुम्ही पडलात तर मला यायची नाही. किल्ली त्यांच्या गल्ल्यामागे खिळ्याला असते.

आता तपासणी अठरा तारखेला. तपासणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं रुग्णालयाचं कापड भांडार सांभाळलं, चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. वरून साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी आमचं एकच काम असायचं. जे डोळ्यांना खुपेल ते उचलायचं, मागच्या खोलीत ढकलायचं आणि दार लावून घ्यायचं. पुढे नुसत्या घड्या दिसल्या पाहिजेत. एकतीस वर्षांत एकदाही शेरा आला नाही.

चिरंजीवांनी एक पत्रक आणून दिलं होतं, ‘म्हातारपणी घर सुरक्षित कसं ठेवावं’. त्यात लिहिलंय की चालायचा रस्ता मोकळा हवा, अडचण नको. मी चष्मा लावून घराकडे पाहिलं तर सगळी अडचणच. ह्यांची आरामखुर्ची वाटेत, शिवणयंत्र वाटेत, स्टुलावर जुन्या वर्तमानपत्रांचा कमरेएवढा ढीग, जेवणाचं टेबल तर बरोबर मध्यात. म्हटलं, ह्यावरून मला नापास करायला ती बाई मोकळीच.

मग काल कुलूपवाले आणि त्यांचे मेहुणे दोघांना कामाला लावलं. खुर्ची, यंत्र, स्टूल, ढीग, टेबल, सगळं मागच्या खोलीत. मेहुणे म्हणाले, इतकी मोकळी खोली आम्ही लग्नासाठी भाड्याने घेतली होती. आता पुढची खोली अशी लखलखीत दिसतेय, की मलाच आत जाताना विचारून जावंसं वाटतं.

मागची खोली बऱ्याच दिवसांनी उघडली. मी तिथे फारशी जात नाही. थंड असते.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ढबू,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी नीट कळलं.

काल अकरा वाजता ती आली. तिच्या पदाचं नाव इतकं लांब आहे की सांगताना ती स्वतःच मध्ये श्वास घेते, म्हणून मी तिला पाहणीवाली म्हणते. चाळिशीची असेल, पायात सपाट बूट, गळ्यात मोजपट्टी, आणि पेनाचं टोपण चावायची खोड. आल्याबरोबर मला आजी म्हणाली. मी सांगितलं, आजी म्हणालात तर चहा मिळणार नाही. मग काकूवर मिटलं. चिरंजीव आधीच येऊन भिंतीला टेकून उभे होते, निकाल ऐकायला आल्यासारखे.

पहिला अर्धा तास मी मैदान मारलं. खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवलं, गोळ्यांची डबी दाखवली, कुठली कधी घ्यायची तेही धडाधड सांगितलं. तिने वार विचारला, मी तारीख, वार आणि महिना संपायला किती दिवस उरले तेही सांगितलं. चिरंजीवांचा चेहरा उतरत चालला होता, आणि आई असूनही मला त्याचा आनंद होत होता.

मग ती म्हणाली, “काकू, नेहमीसारखा चहा करा आणि इथे घेऊन या. मी नुसती बघते.”

स्वयंपाकघरात सगळं छान झालं. आठवडाभर मी रिकाम्या हातांनी भिंतीच्या कडेने ये-जा केली होती, काल कप घेऊन ऐटीत मधून आले आणि चार पावलांवर माझा डावा हात आपोआप बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. मी पडतेय हे मला नंतर कळलं, आधी कळलं ते एवढंच की हाताला जे लागायला हवं ते लागलं नाही. कप कुठे, बशी कुठे, आणि मी कशी वाचले म्हणशील तर त्या बाईने धावत येऊन मला काखेत धरलं. तिच्या बुटांवर सगळा चहा.

चिरंजीव नुसतं “आई” म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो घाबरला होता गं. बावन्न वर्षांचा बाप्या, लहानपणी उभा राहायचा तसा भिंतीला चिकटून उभा होता. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी नवव्या मजल्यावरच्या त्या पलंगावर जाऊन बसलेसुद्धा.

पाहणीवालीने मला बसवलं, पाणी दिलं. मग पेनाचं टोपण चावत खोलीभर फिरली. भिंतीपाशी वाकली, फरशीवर वाकली. मी मेले शरमेने, म्हटलं आता ही धूळ काढणार. तिने विचारलं, “इथे आधी काय होतं?”

मी म्हटलं, काही नाही.

ती म्हणाली, “फरशीवर चार पायांचे डाग आहेत. आणि या कपाटाच्या कोपऱ्याचा रंग हाताएवढ्या जागेत उडालाय. कोपरा रोज कुणीतरी धरतं. काकू, सामान कुठे आहे?”

चोराच्या मनात चांदणं. माझी नजर मागच्या दाराकडे गेली आणि तिने ती पकडली. दार उघडलं तर आत आमचा सगळा संसार एकावर एक रचलेला. भांडारात एकतीस वर्षांत जो शेरा आला नाही तो काल आला.

पण ती रागावली नाही, हसायला लागली. चिरंजीवाला म्हणाली, बाह्या सरसावा. दीड तास ते दोघं सामान ओढत होते आणि मी खुर्चीतून हुकूम सोडत होते. आरामखुर्ची जरा डावीकडे, यंत्राचं तोंड भिंतीकडे, वर्तमानपत्रांचा ढीग दारापाशी. ढीग बघून चिरंजीव म्हणाला, हा तरी टाकूया. ती म्हणाली, थांबा, आधी त्यांना चालू द्या.

मग मी चालले. पलंगापासून ओट्यापर्यंत आणि परत. मी कशाकडेही पाहत नव्हते, तिच्याशी बोलत होते. तिने मात्र मोजलं. कपाटाचा कोपरा, आरामखुर्चीची पाठ, शिवणयंत्राची कड, टेबल, वर्तमानपत्रांचा ढीग, फ्रीजचा दांडा, ओटा. सात ठिकाणी माझा हात टेकला आणि मला त्यातल्या एकाचीही खबर नव्हती. चार वर्षांत गुडघ्यांतलं बळ कमी झालं तसं माझ्या हाताने हे सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं, मला न विचारता.

ती चिरंजीवाला म्हणाली, “तुम्हाला हे फर्निचर वाटतं. हा त्यांचा कठडा आहे. कठडा काढून घेतला आणि मग त्या पडल्या.”

खाली बसून त्याने सगळी वर्तमानपत्रं नीट जुळवली आणि सुतळीने करकचून बांधली, म्हणजे हात टेकल्यावर घसरू नयेत.

निकाल अजून नाही. ती दोन आठवड्यांनी परत येईल. तोवर न्हाणीघराचा उंबरा काढायचा, तिथे दोन दांडे बसवायचे, ढिगाऐवजी काहीतरी पक्कं आणायचं आणि पलंग चार बोटं उंच करायचा.

खरं तर याच्यापुढे लिहायचं आहे, पण हात दुखतोय. उद्या लिहीन.

ताई


२० फेब्रुवारी

ढबू,

हात दुखत नव्हता.

आई जिन्यावरून पडली नव्हती. ती त्या घरात कधीच पडली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची होती, जिना चौदा पायऱ्यांचा होता, आणि ती रोज दोनदा चढत-उतरत होती. मी तिला आणलं कारण मला भीती वाटत होती. दर वेळी फोन वाजला की मला वाटायचं, पडली. शेवटी मी तिला म्हटलं की तुझ्यासाठी नाही तर माझ्यासाठी चल, मला झोप लागत नाही. ती आली. तुला विचारलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की तिला तिथेच राहू दे, आणि दुरून बोलणाऱ्या माणसाला काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायला, असं मला वाटायचं.

मागची खोली तिच्यासाठी केली. नवा पलंग, नवा दिवा, भिंतीला रंग. तिचं जुनं कपाट, ती लोखंडी पेटी, तिची ती डुगडुगणारी खुर्ची, काही आणलं नाही. म्हटलं मोकळं असावं, अडखळायला नको. मी ते फार प्रेमाने केलं होतं गं. हे सुद्धा लिहायला हवं म्हणून लिहितेय.

आठव्या दिवशी ती त्या खोलीत पडली. पलंग आणि दार यांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं. खुबा मोडला. पुढचं तुला माहीत आहे.

रुग्णालयात सगळे विचारायला लागले की कशा पडल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, जिन्यावरून, म्हणूनच इकडे आणली. आठ दिवस मागे सरकवले नुसते. कुणाला काय फरक पडणार होता? एकदा बोलले आणि मग तेच खरं करत बसले. तू फोनवर विचारलंस की नक्की कधी पडली, तेव्हा मी तुझ्यावर ओरडले. आठवत असेल तुला.

काल मी जे लिहिलं नाही ते हे आहे. आई त्या आठ दिवसांत चालताना हात असा बाजूला करायची. मी पाहिलं होतं. मला वाटायचं, ती काही मागतेय. मी विचारायचे, काय हवंय आई, पाणी हवंय का? ती म्हणायची, काही नाही गं. परवा माझाच हात तसा गेला आणि मला तिचा हात दिसला.

तिला तिची खुर्ची हवी होती. तिला ते माहीतही नसेल. मलाही नव्हतं.

मी माफी मागायला लिहीत नाहीये. माफ करण्यासारखं काही आहे का तेही तू ठरव. फॉर्मवरचं तुझं नाव मी खोडते. ते मी तुला न विचारता लिहिलं होतं, जसं आईला तुला न विचारता आणलं.

ताई


६ मार्च

प्रिय ढबू,

तू वाचतेस की नाही ते मला माहीत नाही, पण निकाल कुणाला तरी सांगायला हवा. मी पास झाले.

मध्ये दोन आठवडे इथे नुसता गोंधळ होता. उंबरा काढायला जो गवंडी आला त्याने तो काढला आणि सवयीने नवा घालायला घेतला. मी वेळेवर पोचले म्हणून, नाहीतर हा दुप्पट उंच झाला असता. न्हाणीघरातले दांडे कुलूपवाल्यांनी बसवले. बसवून झाल्यावर स्वतः त्यांना लोंबकळून पाहिलं. म्हणाले, मी नव्वद किलो आहे, तुम्ही निश्चिंत धरा. पलंगाखाली चिरंजीवांनी लिफ्टच्या कारखान्यातून आणलेले रबरी ठोकळे लावले. आता माझ्या पलंगावर लिहिलंय, ‘क्षमता: आठ व्यक्ती’. मी ते पुसू दिलं नाही.

आणि ढिगाच्या जागी त्याने एक छोटं कपाट केलं. स्वतः केलं, रविवारी बसून. उंची माझ्या हाताला मोजून घेतली. काम करताना म्हणाला, “मला वाटायचं तू हट्टी आहेस.” मी म्हटलं, आहेच. तो म्हणाला, “आहेसच, पण मी कधी बसून बघितलं नाही तू दिवसभर काय करतेस ते.” मग बराच वेळ दोघंही कपाटाबद्दलच बोललो. ते बरं वाटतं असल्या वेळी.

न्हाणीघरातले दोन तासही मी त्याला सांगून टाकले. तुला कळवलेलं आणि त्याच्यापासून लपवलेलं, हे आता जमेना. तो चिडला, आणि दुसऱ्या दिवशी फोन गळ्यात अडकवायची दोरी घेऊन आला.

पाहणीवाली चार तारखेला आली. या वेळी मी काही आवरलं नव्हतं, टेबलावर कालची बशीसुद्धा होती. चहा केला, आणला, सांडला नाही. तिने सही केली. मग पाचव्या पानावर आली. मी म्हटलं, ते दुसरं नाव खोडा, ते मी परस्पर लिहिलं होतं. माझी बहीण माझ्याशी अकरा वर्षं बोलत नाही.

ती टोपण चावायची थांबली. म्हणाली, “पण मी तर त्यांना फॉर्म मिळाल्याबरोबर फोन केला होता. त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ती हल्ली सकाळी किती वाजता उठते?”

ढबू, तू हे विचारलंस?

साडेसहाला. पण हिवाळ्यात सात होतात.

तुझी ताई


१६ मार्च

प्रिय ढबू,

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं काही खरं नाही. चार दिवस तू “उठलीस?” म्हणालीस, मी “उठले” म्हणाले, तू “बरं” म्हणालीस आणि ठेवलास. कुलूपवाले म्हणतात, एवढ्यात तर तार स्वस्त पडली असती. पाचव्या दिवशी तू “उठलीस?” म्हणालीस आणि ठेवला नाहीस. मग तू जे बोललीस ते ऐकून मी रडत होते, तुला ऐकू आलं असेल.

आईने तुला सांगितलं होतं. रुग्णालयातूनच सांगितलं होतं, की मी ताईच्या घरी पडले, ती भलतंच सांगतेय, पण तू तिला काही बोलू नकोस, ती आधीच मेल्यासारखी झालीय. आणि तू शब्द दिलास. मी आईच्या खोल्या सोडल्या म्हणून तू रागावलीस असं मी समजत होते. तू म्हणालीस, “रागावले होतेच. पण बोलले असते तर तोंडातून ते निघालं असतं. म्हणून बोलणंच बंद केलं.”

अकरा वर्षं, ढबू. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई म्हणायची. तू एवढं एक सांभाळण्यासाठी बहिणीला सोडलंस आणि मी वाट बघत बसले की तुझा राग कधी उतरतो. आपण दोघी किती मूर्ख आहोत हे आईला माहीत असतं तर तिने तुला शब्द मागितला नसता. तू माझ्यावर ओरडली असतीस तर मला आवडलं असतं. अजूनही ओरड. मी ऐकेन.

आता कालच्या बोलण्याकडे येते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तू असं सहज सांगितलंस, की तुझा मुलगा पुढच्या आठवड्यात शनिवारी माणसं घेऊन येतोय. तुझ्या पुढच्या खोलीतला पसारा काढून टाकायला, म्हणजे तुला चालायला मोकळं होईल. आणि तू म्हणालीस, बरंच आहे, काढू दे.

काढू देऊ नकोस.

तू नेहमी कशाला हात लावतेस ते तुला सांगता येणार नाही. मलाही आलं नसतं. ते बाजूला बसून दुसऱ्याने बघावं लागतं. तेव्हा मी या गुरुवारीच येतेय. चिरंजीव मला गाडीत बसवून देईल, तो वाद घालायला आला होता पण कुठे जातेय ते ऐकल्यावर पिशवी उचलून निघाला. तुझ्याकडे आल्यावर मला एका कोपऱ्यात खुर्ची दे आणि माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझं काय ते चालू ठेव. उठ, बस, पाणी पी, फडकं शोध, माझ्यावर वैताग. मी खडू घेऊन येतेय. तुझा हात जिथे जिथे टेकेल तिथे खूण करणार आहे. शनिवारी तुझा मुलगा आला की त्याला त्या खुणा दाखवू. त्यातलं जे त्याला न्यायचं असेल त्याच्या जागी तो काय ठेवणार ते त्याने आधी मावशीला सांगायचं. खुणा नसलेलं सगळं त्याने खुशाल न्यावं, तुझी ती तीन पायांची टीपॉय तर मीच उचलून देईन.

चार-पाच दिवस लागतील. एका दिवसात माणूस नीट दिसत नाही. मी आठ दिवसांचे कपडे भरलेत.

आई आठ दिवस माझ्यासमोर हात पसरत चालली आणि मी तिला पाणी विचारत राहिले. ढबू, तुझा हात मी बघणार आहे.

ताई